पाटी कोणाच्या घरासमोर लावायची?

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या २०२५ च्या दिवाळी मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, नमस्कार. स्टेजवर चढताना आपल्या कोषाध्यक्षांनी माझं कोपर धरून बजावलंय, "आपली संस्था करमुक्त आहे, कोणाचाही प्रचार करायचा नाही." तेव्हा आपल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीवर बोलणार असलो, तरी माझं मत कोणाला गेलं ते सांगणार नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही. तिनं विचारलेलंही नाही.

खरं तर बोलायचंय आमच्या घरच्या भांडणाबद्दल. आमची कन्या बारावीत आहे, मत द्यायचं वय अजून व्हायचंय. ऑक्टोबरात ती एका उमेदवाराची पाटी घेऊन आली. घरासमोरच्या हिरवळीत खोचतात ना, ती तारेच्या पायांची. मी म्हटलं, "आपल्याकडे नको. शेजाऱ्यांना काय वाटेल?"

"शेजाऱ्यांच्या दारात दोन आहेत, बाबा."

"त्यांचं वेगळं असतं."

"मग ही मी कोणाच्या घरासमोर लावू?"

मी म्हटलं, "आधी अभ्यास कर." दुसरं काय म्हणणार?

आणि हे म्हणणारा कोण? ज्यानं कराडात सगळ्या पक्षांचे बिल्ले एकाच शर्टाला लावून मिरवले, तो. प्रचाराच्या रिक्षामागं 'ताई माई अक्का' ओरडत पळून ज्याचा घसा बसायचा, तो. आमची रस्त्याकडची भिंत निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच राखीव झालेली असायची. एका खेपेला तिच्यावर गेरूनं चरखा आला, पुढच्या खेपेला पंजा. आजीची तक्रार एकच: पक्ष कुठलाही असो, मेले चुना नीट मारत नाहीत. कोणाच्या घरातली मतं कुठं जाणार हे अख्ख्या पेठेला ठाऊक असायचं आणि कोणाला त्याची भीती नव्हती.

बरं, इथली निवडणूक काही किरकोळ नव्हती. राज्याच्या कारभारात राज्यभरातून निवडून येतात ते दोघंच, गव्हर्नर आणि त्यांच्या जोडीचे लेफ्टनंट गव्हर्नर. ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, तेसुद्धा गव्हर्नरच नेमतात. आईला व्हिडिओ कॉलवर हे समजावत होतो. ती म्हणाली, "आमच्याकडे राज्यपाल फक्त शपथ देतात. पहाटेसुद्धा!"

जूनमध्ये विजेचं बिल वाढलं तेव्हा आपल्या ग्रुपवर केवढा आक्रोश होता! राज्यातल्या घरपट्टीची सरासरी २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या वर गेली, तेव्हाही. याच दोन गोष्टींवर तर ही निवडणूक लढली गेली. पण ४ नोव्हेंबरला मतदान चालू होतं आणि ग्रुपवर चर्चा कसली? त्याच दिवशी महाराष्ट्रात नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या! कुठं कोण फुटणार, कोणाला तिकीट मिळणार, रात्रीपर्यंत हेच. मीही त्यात होतो, आणि सर्वांत लांब मेसेज माझाच होता. बाकी इथल्या उमेदवाराशी आपला संबंध नवरात्रातल्या सेल्फीपुरता. आणि आपलं मंडळ? दरवर्षी अध्यक्ष बिनविरोध येतात, कारण विरोध करणाऱ्याच्याच गळ्यात अध्यक्षपद पडेल.

निकाल तुम्हाला माहीत आहे. सगळे अटीतटीची लढत म्हणत होते. २०२१ मध्ये रिपब्लिकन जॅक चिटारेली तेव्हाचे डेमोक्रॅट गव्हर्नर फिल मर्फी यांच्याकडून जेमतेम तीन टक्क्यांनी हरले होते. यंदा त्यांच्याविरुद्ध नौदलाचं हेलिकॉप्टर चालवलेल्या डेमोक्रॅट मिकी शेरिल १४ टक्क्यांच्या आसपास फरकानं जिंकल्या. ख्रिस्टीन व्हिटमननंतर या राज्याच्या त्या दुसऱ्या महिला गव्हर्नर. त्याच दिवशी व्हर्जिनियात हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाशमी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या.

आणि आपला माणूस म्हणाल, तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत ते उभे होते. तिथं ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, हे तिसरे आले. पुढे २०२२ मध्ये ते काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले. त्यांच्या राजकारणावर आपल्यात दोन नाही, चार मतं आहेत. असू देत. पण त्यांनी टीव्हीवर जाहिरात काय केली? मिशिगनचे लोक 'ठाणेदार' म्हणताना कसे अडखळतात, तेच दाखवलं. गृहस्थानं आपलं आडनाव राज्यभर लावलं, आणि मी दुसऱ्याच्या नावाची पाटी माझ्या गवतात लावू देत नाही.

पण माझी भीती अगदीच पोकळ आहे का? मतदानाच्या सकाळी मिडलसेक्ससकट राज्यातल्या सात काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, मतदान केंद्रांवर बॉम्ब असल्याचे ईमेल आले. खोटे निघाले. मी ती बातमी लेकीला पाठवली, "बघ." तिचं उत्तर आलं, "केंद्र हलवलंय. मतदान चालू आहे." सप्टेंबरात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, तेव्हा आपल्याबद्दल इंटरनेटवर काय काय लिहिलं गेलं, तेही तिनं वाचलंय. या सभागृहात ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी असलेली कुटुंबं आहेत. त्यांना मत नाही, आणि पाटी लावा असं मी त्यांना सांगणार नाही. पण जे आपण नागरिकत्वाची शपथ घेऊन, फोटो काढून, पेढे वाटून बसलोय, त्यांचं काय? घर आपल्या नावावर, हप्ता आपण भरतो, घरपट्टी आपण भरतो.

ती पाटी शेवटी लेकीच्या मैत्रिणीच्या घरासमोर लागली. तिचे पणजोबा इटलीहून आले होते. म्हणजे आपल्यालाही तेवढ्या पिढ्या थांबायचंय का, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारतोस, नाही तूच म्हणालास."

पुढच्या वर्षी लेक अठराची होईल. तेव्हा मत तिचं असेल, हिरवळ मात्र माझीच राहील. पाटी कोणी रात्रीत उपटून नेली तर नेली. पण तिच्याऐवजी खिडकीवर दगड आला तर? आणि त्या धास्तीनं मी तिला आत्तापासून गप्प बसायला शिकवतोय, त्याचं काय? मला खरंच ठरवता येत नाहीये. तुमच्यापैकी कोणी आपल्या घरात हे निस्तरलं असेल तर जेवणाच्या रांगेत मला गाठा. श्रीखंड-पुरी आहे, रांग मोठी असणार.