पाय झोपले, बाळ जागं

या बाळाला भूल द्यायची आहे, पण झोपवायचं नाही.

अपुऱ्या दिवसांचं बाळ. वजन जेमतेम तीन किलो, आणि जांघेत हर्निया. अशा बाळांमध्ये तो पुष्कळदा आढळतो. आतडं अडकायची भीती असते, त्यामुळे शस्त्रक्रिया फार लांबवता येत नाही. ती तशी छोटीच. खरी जोखीम आहे भुलीत.

पोटातले आणि जन्मानंतरचे मिळून साठ आठवडे भरेपर्यंत या बाळांचं श्वासाचं केंद्र कच्चंच असतं. पूर्ण भुलीनंतर श्वास मध्येच थांबू शकतो. अंगात रक्त कमी असेल, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून ही पाठीच्या कण्यातल्या भुलीची, म्हणजे स्पायनलची तयारी: कमरेत सुई टोचून फक्त खालचा भाग बधिर करायचा, बाळ जागंच. सिस्टरांनी बाळाला कसं धरलंय बघा. पाठीला बाक आहे, मान मात्र सरळ. मान दुमडली की श्वासाची वाट दबते. मोठ्या माणसापेक्षा सुई इथे खाली टोचतात, कारण एवढ्याशा बाळाचा मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत उतरलेला असतो. सुईतून स्वच्छ पाण्यासारखा थेंब आला, की जागा बरोबर. मग औषध, एक मिलीलीटरही नाही.

आणि आता हे पाय. मघाशी भूलतज्ज्ञांना लाथा घालत होते, आता नुसते लोळागोळा! नेमकी इथेच घाई नडते. डायथर्मीची, म्हणजे विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची पट्टी पाठीखाली सरकवताना कुणी सवयीने पाय वर उचलले, तर औषध छातीकडे चढतं आणि श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. म्हणून सगळं बाळ आडवंच उचललंय. तोंडात चोखणी, तिला साखरेचं पाणी. मोठ्यांचा रक्तदाब या भुलीने घसरतो, तान्ह्यांचा सहसा हलत नाही. बरीच बाळं तर औषध न देताच पेंगायला लागतात.

ही काही नवी टूम नव्हे. लंडनमध्ये टायरेल ग्रे यांनी मुलांना अशी भूल 1909 मध्येच दिली होती. पुढे ती मागे पडली. 1984 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ती पुन्हा पुढे आणली. मधल्या काळात अशा कित्येक बाळांवर नाममात्र भुलीत शस्त्रक्रिया झाल्या. तान्ह्याला कुठलं दुखतंय, असं शिकलेली माणसं मानत होती!

सात देशांतल्या 722 तान्ह्या बाळांच्या अभ्यासात पहिल्या अर्ध्या तासात श्वास थांबण्याचे प्रकार जागेपणीच्या भुलीत कमी दिसले. तासाभराच्या पूर्ण भुलीने पाचव्या वर्षी बुद्धीत फरक पडल्याचं मात्र आढळलं नाही. तेही सांगायला हवं.

औषधाचा असर तास-दीड तास. सुई साधली नाही किंवा वेळ लांबला, तर पूर्ण भूल द्यावीच लागते. तिचं सामान बाजूच्या ट्रॉलीवर मांडलेलं आहे. टाके झाले, तरी बाळ आज रात्री मॉनिटरवरच राहील. श्वास या भुलीनंतरही थांबू शकतो.