एक पिशवी काढायची, तीन पिशव्या आणायच्या

(पडद्यावर: चोपडा तालुका. दिवाळीनंतरची कापूस वेचणी.)

कंबरेला कापसाने भरलेली ओटी, आणि दहा पावलांवर धाप. ही बाई पुन्हा बांधावर बसली. वय चाळीस. पाळी आठ-आठ दिवस चालते. गावात याला कुणी आजार म्हणत नाही, ‘अंगावरून जातं’ म्हणतात आणि विषय संपतो.

सोनोग्राफीत गाठ निघाली. गर्भपिशवी काढावी लागणार. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, किती? ६.८. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: रक्ताच्या तीन पिशव्या. नवरा चिठ्ठीकडे बघत राहिला आणि अहिराणीत एवढंच म्हणाला, “रगत कथाईन लयसूत आम्ही?” रक्त आणायचं कुठून?

प्रश्न खरा आहे. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशात बंदी आली. चांगलंच झालं. पण मग बदली रक्तदाता म्हणून नातेवाईक उभे करायचे. भाचा सुरतेला गिरणीत, दीर वीटभट्टीवर, घरात उरली ती म्हातारी माणसं.

(पडद्यावर: जळगाव. दवाखान्याची ओपीडी.)

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. “ऑपरेशनची एवढी घाई कशाला?”

बाहेरून आलेली एक पिशवी एचबी साधारण एका ग्रॅमने वाढवते. हाडातल्या मगजाला कच्चा माल दिला, तर तो हेच काम स्वतः करतो, आणि त्याला क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त जुळवून बघणं, लागत नाही. फक्त वेळ लागतो. तो मिळवायचा, तर आधी गळती थांबवायची. म्हणून पाळी आवरणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या.

मग लोह. पण त्याआधी सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी. सातपुड्याच्या पायथ्याशी हे विसरून चालत नाही. इथल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे, आणि प्रत्येक फिकट चेहऱ्यामागे लोहाचीच कमतरता असते असं नाही. उगाच लोह ओतलं तर ते शरीरात साचून अपाय करतं.

तपासणी निर्धोक आली. सलाईनमध्ये लोहाचं औषध मिसळलं आणि बाटली कोऱ्या चहासारखी दिसू लागली. दिवसाआड एक. ते संपल्यावर घरी लोहाच्या गोळ्या. त्यावर मात्र चहा नाही, तो लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाणी चालतं. खान्देशात ही अट पाळायला सगळ्यात अवघड.

रक्ताशिवाय मोठं ऑपरेशन हे नवं खूळ नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. डेन्टन कूली यांनी १९६२ पासून यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या रुग्णांची हृदयाची ऑपरेशनं केली. हे लोक धर्मश्रद्धेमुळे दुसऱ्याचं रक्त घेत नाहीत. १९७७ मध्ये अशा ५४२ रुग्णांचा अहवाल छापून आला. जे श्रद्धेपोटी सुरू झालं, ते पुढे सगळ्यांच्याच उपयोगी पडलं.

पूर्वी एचबी १० च्या खाली गेलं की रक्त, असा जवळजवळ नियमच होता. कॅनडातल्या ८३८ अतिदक्षता रुग्णांच्या अभ्यासातून १९९९ मध्ये दिसलं की ७ पर्यंत थांबलं तरी रुग्णांचं वाईट होत नाही.

(पडद्यावर: सहा आठवड्यांनंतर. ऑपरेशन थिएटर.)

एचबी १०.४. आत एसी. बाई कुडकुडतेय. भूलतज्ज्ञ आधी गरम हवेचं पांघरूण घालतात. उगाच माया नव्हे. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. मग शिरेतून ट्रॅनेक्सामिक ॲसिड. जपानच्या ओकामोतो दांपत्याचा हा शोध. शरीराने स्वतः केलेली गुठळी विरघळू न देणं, एवढंच त्याचं काम, आणि किंमतही फार नाही. बाकी सगळं सर्जनच्या हातात: प्रत्येक रक्तवाहिनी आधी बांधायची, मग कापायची. मोठ्या शहरांत सेल सेव्हर नावाचं यंत्र सांडलेलं रक्त शोषून, धुऊन त्याच रुग्णाला परत देतं. इथे ते नव्हतं, आणि त्यावाचून अडलंही नाही.

गैरसमज नको. हायवेवरचा अपघात, बाळंतपणातला धो-धो रक्तस्राव, थॅलेसेमियाचं मूल, इथे दात्याचं रक्तच जीव वाचवतं. या बाईसाठीही एक पिशवी रक्तपेढीत राखून ठेवली होती.

सक्शनच्या बरणीवर सिस्टरने वाकून आकडा वाचला. दीडशे मिली. वहीत लिहिला. राखीव पिशवी लागली नाही, असा फोन रक्तपेढीला गेला.

(पडद्यावर: दुसरा दिवस. वॉर्ड.)

सिस्टरने लोहाची गोळी हातावर ठेवली. बाईने ती घेतली आणि नवऱ्याला खुणेनेच थर्मास पुढे कर म्हणून सांगितलं.

“मावशी, चहा दोन तासांनी!”

नवऱ्याने झाकण परत लावलं.