किडकिडीत मुलांची साखर

(दृश्य: शाळेचं मैदान, पी.टी.चा तास. नववीची मुलं रांगेत उभी.)

या रांगेतल्या कुणाला पुढे शुगर होईल, असं विचारलं तर तुमचं बोट कुठे जाईल? टोकाला उभ्या असलेल्या त्या जाड्या मुलाकडे. त्याच्या शेजारी एक आहे, शर्ट खांद्यावरून लोंबतोय, मनगटाची हाडं दिसताहेत. ‘याच्या काही अंगालाच लागत नाही’ असं ज्याची आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, तो. त्याच्याकडे तुम्ही बघितलंही नसेल.

आज त्याच्याकडे बघायचं आहे.

आधी आकडे, थोडक्यात. उपाशीपोटी रक्तातली साखर 100 च्या आत असली तर ठीक. 126 किंवा त्याहून जास्त भरली आणि पुन्हा तपासल्यावरही तेवढीच आली, तर मधुमेह. मधला पट्टा, 100 ते 125, म्हणजे प्रीडायबेटीस. आपल्याकडे म्हणतात, ‘बॉर्डरवर आहे’. या पट्ट्यात फार तहान लागत नाही, वजन उतरत नाही, काही दुखत नाही. म्हणजे मूल स्वतः येऊन काही सांगेल, ही आशाच नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 ते 2018 या काळात देशभर पोषणाचं मोठं सर्वेक्षण केलं, तेव्हा 10 ते 19 वयोगटातली साधारण दर दहा मुलांमागे एक या पट्ट्यात सापडली.

(दृश्य: पुण्याबाहेरचा रस्ता. बाजरीचं शेत, विहीर, डोक्यावर हंडा घेतलेली बाई.)

आजची गोष्ट मात्र देशभराची नाही, पुण्याजवळच्या सहा गावांची आहे.

1993 साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी या गावांत जाऊन बायकांची वजनं, उंची, जेवणखाण लिहून घेऊ लागले. बाई गरोदर राहण्याच्या आधीपासून. गरोदरपणात काय खाते, किती राबते, पाणी कुठून आणते, सगळं. या आयांचं सरासरी वजन भरलं 42 किलोच्या आसपास. बहुतेकींनी नुकतीच विशी ओलांडलेली. जरा हिशेब करून बघा: 1993 नंतर तीनेक वर्षांत बाळंत झालेल्या या मुली स्वतः जन्मल्या कधी? 1972 च्या दुष्काळाच्या मागेपुढे. अभ्यासाने असा काही निष्कर्ष काढलेला नाही, हा आमचाच हिशेब. पण तो एकदा डोक्यात आला की जात नाही.

बाळं झाली, सरासरी 2.7 किलोची. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला जन्मणारं बाळ साडेतीन किलोचं होतं. यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य पुढे आहे. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमट्याने कातडीची जाडी मोजली, तर तिथली चरबी जवळजवळ गोऱ्या बाळाइतकी. सगळं कमी पडलं, चरबी तेवढी टिकली. पुढे पुण्याच्या बाळांच्या नाळेतलं रक्त लंडनच्या बाळांशी ताडून पाहिलं, तर त्यात इन्सुलिनही, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरकही, जास्त. पहिला ट्यँहा फोडायच्या आत.

असं का व्हावं? पोटात अन्न अपुरं पडलं की गर्भ काटकसर करतो. मेंदू आधी जपायचा, बाकीच्यांनी भागवून घ्यायचं. ज्यांनी भागवून घेतलं त्यांत स्नायू आले आणि इन्सुलिन तयार करणारं स्वादुपिंडही आलं. जेवल्यावर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त शोषतात ते स्नायू. तेच कमी, आणि इन्सुलिनची गंगाजळीही लहान. एरवी हे खपून जातं. पण वयात येताना प्रत्येक मुलाचं शरीर काही वर्षं इन्सुलिनला दाद देईनासं होतं. तो वाढीचाच भाग आहे. स्वादुपिंड दमदार असेल तर जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं. नसेल, तर साखर चढते.

(दृश्य: जुन्या फाइली, पानांवर निळ्या शाईतले आकडे.)

ती बाळं सहा वर्षांची झाली, तेव्हा तपासली. बारा वर्षांची झाली, पुन्हा तपासली. अठराव्या वर्षी 619 जणांना ग्लुकोजचं पाणी पाजून साखर मोजली. 184 जण प्रीडायबेटीसमध्ये. एकाला मधुमेह. मुलगे शंभरात 37, मुली शंभरात 18. आणि या 619 मधली जवळजवळ निम्मी मुलं, 48 टक्के, वजनाच्या तक्त्यात ‘कमी वजनाची’ होती.

कमी वजनाची! ज्यांना आपण ‘खा रे बाबा जरा’ म्हणतो, ती.

आणखी एक. अठराव्या वर्षी ज्यांची साखर चढलेली निघाली, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा वरच्या अंगाला होती. म्हणजे हे कॉलेजच्या कँटीनमध्ये सुरू झालं नव्हतं.

याज्ञिकांनी स्वतःवरही एक गंमत केली आहे. 2004 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. दोघांचा बी.एम.आय., म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, 22.3. युडकिनच्या अंगात चरबी 9.1 टक्के. याज्ञिकांच्या, 21.2. वजनकाट्याला यातलं काही कळलं नसतं.

आता नियम बघा. अमेरिकन डायबेटीस असोसिएशन सांगते, मूल वयात आल्यावर किंवा दहा वर्षांचं झाल्यावर साखर तपासा, पण ते जाड असेल आणि त्यातून घरात मधुमेह किंवा तसा आणखी काही धोका असेल तर. तिकडच्या मुलांसाठी नियम रास्त आहे. या सहा गावांना तो लावला, तर रांगेतल्या किडकिडीत मुलाचं रक्त कुणी काढणारच नाही.

जाड्या मुलाला धोका नाही, असं कुणी समजू नये. त्याला आहेच, आणि त्याची एक खूण घरात दिसते. मानेमागे, काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. आई अंघोळीला घासणी घेऊन ती मान लालबुंद करते आणि ‘नीट धूत नाहीस’ म्हणून दोन धपाटेही देते. तो मळ नसतो. अंगात इन्सुलिन फार वाढल्याची ती खूण असते. मुलींमध्ये पाळी महिनोन्‌महिने लांबत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तरी साखर एकदा बघून घ्यावी. आणि आईला गरोदरपणात शुगर होती का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण होऊन सांगावं.

(दृश्य: क्लासबाहेर सायकली, रात्रीचे साडेआठ. हातगाडीवर वडापाव.)

पोटातून आलेलं बदलता येत नाही, मग उरलं हे. सकाळी चहा-खारी, डब्यात बिस्किटाचा पुडा, संध्याकाळी क्लासच्या दारात वडापाव, वर एखादं शीतपेय. 250 मिलीच्या गोड शीतपेयात साधारण सहा चमचे साखर असते. चहात कुणी सहा चमचे टाकले तर आपण हात धरू. रात्री एक-दीडपर्यंत मोबाइल, झोप जेमतेम सहा तास. आणि पी.टी.चा तास? दहावीला तो गणिताच्या बाईंनी मागून घेतलेला असतो.

रिपोर्ट बॉर्डरवर आला की घरातली मोठी माणसं स्वतःचंच औषध पोराला लावतात: भात बंद, बटाटा बंद, जेवण अर्धं. जाड मुलाचं खाणं आवरावं लागेल, तेही बेताने. पण किडकिडीत, वाढत्या मुलाला उपाशी ठेवणं म्हणजे गर्भात जे झालं तेच पुन्हा करणं. त्याला वजन उतरवायचं नाही, स्नायू कमवायचे आहेत. भाताच्या ढिगावर पळीभर पातळ आमटी असते, तिथे वाटीभर घट्ट मटकीची उसळ, शेंगदाणे, दूध, चालत असतील तर अंडी. आणि खेळ. कबड्डी, पोहणं, जोर-बैठका, घाम निघेल असं काहीही, रोज तासभर.

तपासणीबद्दल एकच सूचना. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी ही तपासणी अंगात लोह कमी असेल तर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकते. त्यामुळे फिकट दिसणाऱ्या मुलीचा तेवढाच रिपोर्ट बघून घरात रडारड करू नका. उपाशीपोटीची साखर बघा. आणि बॉर्डरवरची बरीच मुलं वाढीचं वय सरताना पुन्हा सरळ होतात, हेही खरं.

(दृश्य: पुन्हा गाव. अंगणात खेळणारी मुलं.)

सहा गावांचा अभ्यास अजून संपलेला नाही. त्या आयांपैकी बऱ्याचजणींच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. म्हणून 2012 पासून त्यांच्या वयात आलेल्या काही मुला-मुलींना, लग्न आणि बाळ यांच्या खूप आधी, बी-12 च्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली. त्यांतल्या मुली पुढे आया झाल्या. ज्यांनी बी-12 घेतलं, त्यांची मुलं दोन वर्षांची असताना मेंदूच्या वाढीच्या चाचण्यांत काही बाबतींत सरस ठरली.

त्यांच्या साखरेचं काय झालं, ते त्यांच्या अठराव्या वर्षी मोजतील. सध्या ती शाळेत आहेत.