गाठ काढली, पुढे काय? मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि जनुकीय खुणा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रुग्णाचा जीव बहुधा आतड्यातल्या मूळ गाठीमुळे जात नाही. तिच्यातून सुटून दुसरीकडे रुजलेल्या पेशींमुळे जातो. आतड्याकडून निघणारे बरेचसे रक्त आधी यकृतात पोचते, म्हणून पहिला तळ बहुतेक वेळा तिथेच पडतो. गाठ स्वच्छ काढल्यावरही रुग्ण विचारतो, “पसरले नाही ना?” या प्रश्नाला जनुके कितपत उत्तर देतात, ते आज पाहू.

खरी अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे. गाठ भिंतीत खोल गेलेली असते, पण लसिकाग्रंथींत कर्करोग दिसत नाही. असे किमान १२ ग्रंथी तपासल्यावरच विश्वासाने म्हणता येते. या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांना नुसती शस्त्रक्रिया पुरते. उरलेल्यांचा आजार उलटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या गाठी पुष्कळदा सारख्याच दिसतात. सर्वांना केमोथेरपी द्यावी, तर बहुतेकांना ती विनाकारण सोसावी लागते.

१९९० साली अमेरिकी संशोधक एरिक फिअरॉन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी एपीसी, केआरएएस, पी५३ अशा जनुकांतले बिघाड साठत जाऊन साध्या पेशीची कर्कपेशी कशी होते, याचा आराखडा मांडला. गाठ कशी घडते हे त्यातून कळले. ती पसरते कशी, हे मात्र फारसे कळले नाही. पुढे मूळ गाठ आणि यकृतातली गाठ यांची जनुके शेजारी ठेवून वाचली, तेव्हा दोन्हींतले मुख्य बिघाड बहुतांशी तेच निघाले. म्हणजे ‘पसरण्याचे उत्परिवर्तन’ (जनुकातला तसा बिघाड) असे वेगळे काही हाती लागले नाही. म्हणून काही संशोधकांनी जनुक बिघडले आहे का, याऐवजी ते किती जोरात चालू आहे, हे पाहायला सुरुवात केली. २००९ मध्ये बर्लिनच्या उलरीके स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेले एमएसीसी१ हे जनुक त्यातले ठळक उदाहरण. ते एमईटी या, पेशीबाहेरचे संकेत टिपणाऱ्या प्रथिनाचे उत्पादन वाढवते आणि पेशी जागा सोडून हलू लागतात. ज्या गाठींत ते जास्त चालू, त्या पुढे पसरण्याचा संभव जास्त.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती खूण उलट दिशेची आहे. सुमारे १५ टक्के गाठींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेली असते. अशा गाठीत उत्परिवर्तनांचा ढीग असतो. ती अधिक घातक असेल असेच कोणालाही वाटेल. पण त्या ढिगातून तयार होणारी विचित्र प्रथिने रोगप्रतिकारक पेशींना ओळखू येतात, आणि दुसऱ्या टप्प्यात हीच गाठ कमी पसरते. शिवाय केमोथेरपीतल्या नेहमीच्या ५-फ्लुओरोयुरॅसिल औषधाचा एकट्याने तिथे फारसा उपयोग होत नाही. म्हणजे एकच खूण पुढचा धोकाही सांगते आणि उपचाराची दिशाही. बीआरएएफ जनुकातले व्ही६००ई हे उत्परिवर्तन एरवी वाईट लक्षण मानले जाते, पण दुरुस्ती-यंत्रणा मोडलेल्या गाठींतही ते पुष्कळदा सापडते, आणि तिथे त्याचा अर्थ तितका गंभीर राहत नाही. सुटी खूण वाचून निकाल देणाऱ्याने हे विसरू नये.

तरीही या साऱ्या खुणा गाठीचा स्वभाव सांगतात, समोरच्या रुग्णाचे भवितव्य नव्हे. शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा डीएनए तरंगतो आहे का, हा प्रश्न निराळा आहे. त्यात भाकीत कमी आणि पुरावा जास्त आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ‘डायनॅमिक’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासात दुसऱ्या टप्प्याच्या ४५५ रुग्णांपैकी एका गटाचा केमोथेरपीचा निर्णय या रक्ततपासणीवर सोपवला होता. त्या गटात १५ टक्क्यांना केमोथेरपी द्यावी लागली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २८ टक्क्यांना. आणि दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे, म्हणजे ९३.५ आणि ९२.४ टक्के होते.

फुप्फुसात किंवा पोटाच्या आतल्या आवरणावर बसलेली कर्कपेशींची लहान ठेव मात्र रक्तात फारच थोडा डीएनए सोडते, आणि तपासणीला ती दिसत नाही. त्यामुळे अहवाल निर्दोष आला तरी सीईए या रक्ततपासणीच्या आणि सीटी स्कॅनच्या तारखा कोणीही चुकवून चालत नाही.