हँडवरचा स्विच ऑटोवर टाका

नमस्कार. इथे बसलेले बहुतेक जण बिल्डिंगच सांभाळतात, त्यामुळे चिलर म्हणजे सेंट्रल एसीचं पाणी गार करणारं मशीन आणि एएचयू म्हणजे त्या पाण्याने हवा गार करून पंख्याने मजल्यावर सोडणारं, एवढंच म्हणून पुढे जातो. विषय 'कंट्रोल सुधारून वीज वाचवा' असा आहे, त्यावर येतोच, पण आधी एक किस्सा.

पुण्यातली एक आयटी बिल्डिंग, नाव नको. मे महिना, बाहेर 40 डिग्री, आणि चौथ्या मजल्यावर मुली शाली पांघरून काम करतायत. एकीने तर ड्रॉवरमध्ये पायमोजे ठेवलेले. फॅसिलिटीवाले म्हणाले, "सर, सेन्सर 27 दाखवतोय, मशीन तरी काय करणार?" मी सेन्सर शोधायला निघालो, तर तो सापडला पॅन्ट्रीत, चहाच्या मशीनच्या बरोब्बर वर! आधी तिथे नुसती भिंत होती, मग पॅन्ट्री आली, सेन्सर हलवायचं कुणाला सुचलंच नाही. दिवसभर वाफ खातोय आणि त्याच्या शब्दावर चिल्ड वॉटरचा व्हॉल्व्ह सताड उघडा.

पुढे एएचयू रूममध्ये गेलो तर व्हीएफडीचा, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचा, स्विच 'हँड'वर, म्हणजे हाताने ठरवलेल्या वेगावर, 50 हर्ट्झ फिक्स. ऑपरेटर दादा म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी गरम होतंय म्हणून कम्प्लेंट आलेली, साहेब म्हणाले फुल ठेव." साहेब कधीच नोकरी सोडून गेले, स्विच तसाच. मला दादांचा अजिबात राग आला नाही. गरम झालं की शिव्या त्यांना, पण वीज वाचली तर साधा चहा कोणी पाजत नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे, गेली कित्येक वर्षं, लाखोंचं बीएमएस, म्हणजे बिल्डिंगची यंत्रणा कॉम्प्युटरवरून चालवणारी सिस्टीम, घेतात आणि ते चालवणाऱ्या माणसाला एक दिवसाचं ट्रेनिंग देत नाहीत.

आता हिशोब बघा. पंख्याची वीज स्पीडच्या घनात जाते. 50 चे 40 हर्ट्झ केले म्हणजे स्पीड 80 टक्के, आणि वीज 0.8 गुणिले 0.8 गुणिले 0.8, म्हणजे जवळपास निम्मी. डक्टमध्ये, म्हणजे हवेच्या नळीत, प्रेशर धरून ठेवायचं असेल तर फायदा थोडा कमी, पण तरी भरपूर. आम्ही सेन्सर रिटर्न एअरच्या, म्हणजे मजल्यावरून परत येणाऱ्या हवेच्या, वाटेवर नेला, स्विच ऑटोवर टाकला, शाली आपोआप घरी गेल्या. नवीन मशीन एकही नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत, तर उरलेलं भराभर. बीएमएसमध्ये सुट्ट्यांचं कॅलेंडर भरा, दिवाळीत रिकाम्या मजल्याला गार करू नका. सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेलं तापमान, 24 ठेवा, 2020 पासून स्टार लेबलच्या रूम एसीला डिफॉल्टच 24 आहे, आणि बीईईच्या, म्हणजे सरकारच्या ऊर्जा बचतीच्या ब्युरोच्या, हिशोबाने एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते. पावसाळ्यात उन्हाचा लोड उतरला की चिल्ड वॉटर 7 ऐवजी 8-9 डिग्रीवर नेऊन बघा, चिलरला सोपं जातं, फक्त दमटपणावर लक्ष ठेवा. मीटिंग रूमची ताजी हवा माणसांच्या श्वासाने वाढणारा सीओटू मोजणाऱ्या सेन्सरवर द्या, माणसं नसताना बाहेरची गरम हवा आत ओढून गार करायची कशाला?

पंपांचं राहिलंच. ज्यांना हवंय त्यांनी बाहेर थांबा, आणि येताना आपल्या पॅनलचे फोटो मोबाईलवर काढून आणले असतील तर दाखवा, किती स्विच हँडवर आहेत ते मिळून बघू.