दागिने मोडून ती टोकियोला गेली

मंडळी, जुन्या चीनमध्ये बाईला तीन आज्ञा होत्या. लग्नाआधी बापाचं ऐकायचं, लग्नानंतर नवऱ्याचं, नवरा गेला की मुलाचं. हसलात? ‘पिता रक्षति कौमारे’ तुम्हीही ऐकलेलं आहे, म्हणून हसलात. मनूची आणि कन्फ्यूशियसची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. बायकांच्या बाबतीत मात्र दोघांच्या परंपरांचं एकमत.

मला आज बोलायचंय ते चिनी क्रांतिकारक कवयित्री च्यू चिनबद्दल. पूर्व चीनमधल्या शाओशिंगच्या शिकल्या-सवरलेल्या घरातली मुलगी. कविता शिकली, घोड्यावर बसायला शिकली, आणि पावलं लहान राहावीत म्हणून, रिवाजाप्रमाणे तिचे पायही पट्ट्यांनी बांधले गेले. १८९६ मध्ये तिला हुनानमधल्या पैसेवाल्या वांग घराण्यात दिली. दोन मुलं झाली. पुढे नवऱ्याने पैसे मोजून राजधानीत सरकारी हुद्दा मिळवला आणि बिऱ्हाड बीजिंगला आलं. तिथे तिला नवी पुस्तकं भेटली, मैत्रिणी भेटल्या. नवऱ्याशी काही पटलं नाही.

१९०४ मध्ये तिने दागिने मोडले आणि जपान गाठलं. या प्रवासावरच्या कवितेत ती सगळं एका दमात सांगून टाकते: दागिने गहाण टाकले, रक्तामांसाच्या माणसांना सोडलं, पायांच्या पट्ट्या सोडून हजार वर्षांचं विष धुतलं. मी दरवेळी मधल्या गोष्टीशी अडखळते. धाकटी लेक तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती.

इथे आपल्याला आनंदीबाई जोशी आठवणारच. १८८३ मध्ये, निघण्याआधी, बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. शिवाय गोपाळराव तर हात धुऊन शिक्षणाच्या मागे लागलेले! च्यू चिनच्या पाठीशी असा नवरा नव्हता. आणि होती तशीच परत यायचं, हे तर तिच्या मनातही नव्हतं.

गंमत पुढेच आहे. टोकियोत ती शिकली शिमोदा उताको यांच्या जिस्सेन शाळेत, आणि शिमोदाबाईंचा आदर्श काय, तर ‘चांगली पत्नी, शहाणी आई’. म्हणजे नवरा-मुलं मागे ठेवून समुद्र ओलांडायचा आणि वर्गात बसून आदर्श गृहिणीचेच धडे गिरवायचे! परदेश म्हणजे मोकळीक, असं आपण फार सहज बोलून जातो. तिची मोकळीक होती शाळेच्या भिंतींबाहेर: चिनी विद्यार्थ्यांच्या सभांत, भाषणांत, नेमबाजीत. अंगात किमोनो आणि हातात खंजीर, असा तिचा फोटो आहे, तो त्याच दिवसांतला.

१९०५ च्या अखेरीस जपान सरकारने चिनी विद्यार्थ्यांवर निर्बंध घातले, तेव्हा चिडून परतणाऱ्यांत तीही होती. १९०७ च्या सुरुवातीला तिने शांघायमध्ये बायकांसाठी नियतकालिक काढलं, तेही मुद्दाम बोलीभाषेत, कारण पंडिती चिनी वाचणाऱ्या बायका होत्या किती? दोनच अंक निघाले. त्याच वर्षी १५ जुलैला, चीनच्या तेव्हाच्या चिंग बादशाहीविरुद्धच्या कटावरून, शाओशिंगमध्येच तिचा शिरच्छेद झाला.

मैत्रिणींनी तिला हांगझोऊच्या पश्चिम सरोवराकाठी पुरलं. सरकारला तेही खपलं नाही. शवपेटी हलवावी लागली, आणि १९०९ मध्ये ती हुनानला नेऊन नवऱ्याशेजारी पुरण्यात आली. ज्याला सोडून ती गेली होती, त्याच्याच शेजारी. बादशाही कोसळल्यावर तिला पुन्हा सरोवराकाठी आणलं.

आणि ती तीन वर्षांची लेक? १९२८ मध्ये ती अमेरिकेला गेली आणि न्यूयॉर्कमध्ये विमानविद्या शिकली. आईचं लेखन गोळा करून छापलं, तेही तिनेच.