रान राखणारी भाषा

श्रोतेहो, नमस्कार.

पर्यावरण-संवर्धनाची चर्चा सहसा कायदे, निधी आणि अभयारण्यांच्या हद्दी यांभोवती फिरते. आदिवासींची भाषा मात्र सांस्कृतिक कार्यक्रमापुरती आठवते. ही वाटणी मला मान्य नाही.

उत्तर ऑस्ट्रेलियातील पश्चिम आर्नहेम लँडचे बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. पाऊस सरल्यावर येणाऱ्या ‘येक्के’ ऋतूत गवत पुरते वाळलेले नसते आणि रात्री दव पडते, त्यामुळे तेव्हा मुद्दाम लावलेली आग झाडांच्या शेंड्यांपर्यंत न पोहोचता बहुधा रात्रीतून विझते आणि मागे उरलेले जळके पट्टे पुढच्या कडक कोरड्या दिवसांतल्या वणव्याची वाट अडवतात. विसाव्या शतकात ही माणसे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या वस्त्यांकडे आणि शहरांकडे गेली, त्यांचे पठार ओस पडले आणि वणवे अनावर झाले. २००६ साली तेथे सुरू झालेल्या प्रकल्पात रेंजर हेलिकॉप्टर आणि उपग्रहचित्रे वापरतात खरे, पण आग कोठे लावावी आणि कोठे मुळीच लावू नये, हे जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारूनच ठरते.

असे ज्ञान भाषांतर करून कपाटात ठेवता येईल, असे कोणी म्हणेल. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉन आणि न्यू गिनी येथील औषधी वनस्पतींच्या बारा हजारांहून अधिक उपयोगांची छाननी झाली. त्यांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक उपयोग केवळ एकेका भाषेतच माहीत असल्याचे आढळले. ती भाषा बोलणारे संपले की झाड उभे असते, पण त्याचा उपयोग सांगणारे कोणी उरत नाही.

प्रत्येक परंपरा निसर्गाला पोषकच असते, असा माझा दावा नाही. शिवाय नुसत्या जाणकारीने रान वाचत नाही. निर्णयाचा अधिकारही हाती असावा लागतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत रुजवली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू बाहेर नेण्याचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ साल उजाडावे लागले.